जहाजाच्या पोटातला धूर

(बडनेऱ्याच्या वस्तीत तरुण पोरापोरींसमोर केलेलं हे भाषण. मागाहून लिहून काढलं. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



मी व्याख्याता नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहे. मुंबईच्या गोदीत कंत्राटदाराच्या हाताखाली माल चढवतो-उतरवतो, पाळी संपली की कविता लिहितो. कवितेपायीच तुम्ही मला बोलावलं. पण आज मी कविता म्हणणार नाही. आज पुस्तकांची नावं सांगणार आहे. क्लासवाले जी सांगत नाहीत, सत्काराला शालीसोबत जी देत नाहीत, अशी पुस्तकं. माणसाच्या मनात जो काळोख साचतो त्याच्यात हात घालणारी.

मागच्या खेपेला घरी आलो तेव्हा असंच एक पुस्तक घेऊन बसलो होतो. आजीनं विचारलं, "काय वाचून रायला रे?" मी गोष्ट सांगितली. एक माणूस पोटासाठी मसणातली मढी उकरतो, अशी ती गोष्ट. आजी म्हणाली, "काहून रे बाप्पा, थे मेल्या मढ्याचं कायले वाचतं? काई चांगलं वाच न. नवकरी लागन असं वाच."

आजीचं चुकलं नाही. अमरावतीच्या अभ्यासिकांत जाऊन पाहा. आपली पोरं रात्री उशिरापर्यंत स्पर्धा परीक्षेची गाइडं घेऊन बसलेली असतात. बसावंच. बाबासाहेबांची चरित्रं, फुल्यांची पुस्तकं घराघरांत आहेत, ती असलीच पाहिजेत. पण त्याच अभ्यासिकेतला पोरगा तिसऱ्यांदा नापास होऊन घरी येतो, दार लावून घेतो, दोन दिवस जेवत नाही, तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते कुठल्या गाइडात लिहिलंय? बाप रात्री पिऊन येतो, मायेला मारतो, आणि सकाळी तोच बाप लेकराच्या डोक्यावरून हात फिरवतो. त्या लेकराच्या मनात काय होतं? हे लिहिणारी पुस्तकं आहेत. मराठीत आहेत. पुष्कळशी आपल्याच माणसांनी लिहिलेली आहेत. आणि आपणच ती वाचत नाही.

ढसाळांचा 'गोलपिठा' मी सांगत बसत नाही. १९७२ साली आलेलं ते पुस्तक वाचलं नसलं तरी त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. मी नावाला मागं राहिलेल्या पुस्तकांबद्दल बोलणार आहे. पण त्याआधी एका जहाजाची गोष्ट सांगतो.

हे गाव म्हणजे स्टेशन. हावडा-नागपूर-मुंबई लाइनीवरचं जंक्शन. १८६७ साली ही लाइन नागपूरला पोचली. इंग्रजाला वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात न्यायचा होता. कापूस ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं मागून माणसं गेली. मीपण इथूनच गाडीत बसलो. गोदीत माझ्या पहिल्याच महिन्यात एका जुन्या कामगारानं ही गोष्ट सांगितली. खरी घडलेली आहे.

१९४४ साली, १४ एप्रिलला, व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलेलं होतं. तारीख लक्षात ठेवा, तुम्हाला विसरता यायची नाही. त्याच्या पोटात शेकडो टन स्फोटकं होती आणि त्याच पोटात कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या. कापसाला आग लागली. कापसाची आग काय चीज असते ते बडनेऱ्याच्या माणसाला सांगायला नको. जाळ दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते. दुपारी धूर दिसला. चारच्या सुमारास जहाज फुटलं. मग अर्ध्याएक तासानं दुसरा स्फोट. शेकडो माणसं गेली, गोदी उद्ध्वस्त झाली, आसपासच्या वस्त्या जळाल्या.

ही गोष्ट ऐकल्यापासून माणसाच्या मनाचा विचार करताना मला ते जहाज दिसतं. आत काय भरलंय ते धक्क्यावरून कळत नाही. आणि जहाज स्वतःचा माल स्वतः भरत नाही. कुठल्या तरी बंदरात कोणीतरी तो भरलेला असतो. आपल्या मनातली लाज, भीती, संशय, स्वतःचाच तिरस्कार, हे काही आपण आईच्या पोटातून घेऊन आलो नाही. तो भरलेला माल आहे. मी सांगतोय ती पुस्तकं आत उतरून दिवा धरतात. कुठला माल, कोणी भरला, कशाला लागून ठेवला, ते दाखवतात. एवढंच त्यांचं काम. पण ते धूर दिसायच्या आधी झालेलं बरं.

पहिलं, आजीला सांगितलेली ती मढ्याची गोष्ट. अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं'. अण्णा भाऊ म्हटलं की आपण 'फकिरा' म्हणतो, जयंतीला फोटो लावतो आणि पुढं जातो. ही गोष्ट काढून वाचा. भीमा नावाचा वारणेकाठचा धिप्पाड गडी मुंबईला येतो, उपनगरात खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. एके दिवशी त्याला मसणातल्या राखेत सोनं सापडतं, आणि तिथून तो राख चाळायला लागतो. मग पुरलेली प्रेतं उकरायला लागतो. रात्री मसणात कोल्ह्यांशी झुंजतो, कारण कोल्ह्यांनाही तेच प्रेत हवं असतं. शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि ती कापावी लागतात. आणि तेव्हाच कळतं की खाण पुन्हा सुरू झाली. तो पहाडासारखा माणूस लहान पोरासारखा रडतो.

यात भुतंखेतं नाहीत. तरी मला ती गोष्ट वाचल्यावर रात्री झोप आली नाही. कारण भीमा वेडा नाही. त्याचा हिशोब अगदी बरोबर आहे. जिवंत माणसांच्या जगानं त्याला काम दिलं नाही, मेलेल्यांनी दिलं. काम सुटलेल्या माणसाचं डोकं पायरी-पायरीनं कसं खाली उतरतं ते अण्णा भाऊंनी दाखवलंय. पहिल्या पायरीला राख, दुसरीला खड्डा. आमच्या गोदीत डब्यांची जहाजं न्हावाशेवाला गेली, इकडचं काम कमी झालं, तेव्हा महिन्यात पंधरा दिवस घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातला एक जण रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, दिवसभर स्टेशनवर बसायचा आणि संध्याकाळी घरी जायचा. बायकोला सहा आठवडे कळलं नाही. तो राखेपर्यंत आला होता.

दुसरं पुस्तक तुमच्या गावाजवळचं. उद्धव शेळक्यांची 'धग', १९६० सालची कादंबरी. शेळके अमरावतीचे. कॉलेजात कुणीकुणी ती परीक्षेपुरती वाचली असेल आणि विकून टाकली असेल. तिच्यातली माणसं आपल्या वऱ्हाडीत बोलतात. कौतिक नावाची बाई आहे. नवरा महादेव, शिंपी. त्याच्यानं संसार उचलत नाही. पुढं त्याला महारोग होतो. कौतिक कष्ट उपसते, लेकरं वाढवते, लढते.

अशा बाईचं आपण नुसतं कौतुक करतो. आपल्या सगळ्यांच्या माया अशाच आहेत, आणि आपण भाषणात म्हणतो, माझ्या मायेनं लई सोसलं. टाळ्या पडतात. शेळके टाळ्या मागत नाहीत. न हरणारी बाई आतून किती झिजते, ते त्यांनी संथपणे लिहिलंय. चूल, भाकर, उधारी, नवऱ्याचा आळस, पुन्हा चूल. मोठी घटना घडायची वाट पाहत बसाल तर पुस्तक कंटाळवाणं वाटेल. पण बाईच्या मनावर दुःख कसं थरावर थर बसतं ते पाहायचं असेल तर हे पुस्तक घ्या आणि घरी मायेला वाचून दाखवा. भाषा तिचीच आहे. मी माझ्या मायेला चाळीसेक पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "पुरे कर. हे मले मालूम हाय." मग दुसऱ्या रात्री तिनंच विचारलं, "कौतिकचं काय झालं पुढं?"

आता तिसरं. यासाठीच मी आज उभा राहिलो, आणि यावर बोलायला मला जड जातंय.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्या नावाची गोष्ट रेल्वेतली आहे, म्हणून बडनेऱ्यात ती विशेष वाचली पाहिजे. रेल्वेत नोकरी लागलेला एक तरुण गुजरातेत जातो. तिथं तो आपली जात सांगत नाही. सोबतचे कामगार त्याला मान देतात, कवी म्हणून त्याचं कौतुक करतात, घरी नेतात. तिथंच काशीनाथ नावाचा दुसरा आपला कामगार आहे. तो काही लपवत नाही, भांडतो. शेवटी या तरुणाची जात उघडी पडते आणि मान देणारेच त्याला मारतात. सोडवायला काशीनाथ येतो.

लोक म्हणतात ही अन्यायाची गोष्ट. आहेच. पण ती दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा मार बाजूला ठेवा आणि मार पडायच्या आधीची पानं पाहा. सगळे प्रेमानं वागताहेत, आणि याच्या पोटात गोळा. कोणी हसला तरी दचकायचं, कोणी गाव विचारलं तरी दचकायचं. प्रेम मिळतंय ते आपल्याला नाही, आपण सांगितलेल्या खोट्या माणसाला मिळतंय, हे कळत असताना ते घ्यायचं. मारापेक्षा ती पानं जास्त काळी आहेत.

मला ती का कळली ते सांगतो.

मुंबईत पहिली दोन वर्षं मी चौघांत एका खोलीत राहिलो. मग उपनगरात एक स्वस्त खोली मिळत होती. मालकानं आडनाव विचारलं. मी एक आडनाव सांगितलं. ते माझं नव्हतं. किती सोपं असतं ते! एक सेकंद लागतो. मग भिंतीवरचा फोटो पेटीत गेला. निळी डायरी पेटीत गेली. मालकीणबाई सणाला ताट द्यायच्या, मी ते घ्यायचो.

आमच्या टोळीत या बडनेऱ्याचा एक पोरगा होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्याला गोदीत मीच लावला होता. तो गावी जाऊन आला, आणि त्याच्या आईनं माझ्यासाठी जवसाची चटणी पाठवली होती. रविवारी तो पत्ता शोधत आला. मालकीणबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यानं दारातून मोठ्यानं आवाज दिला, "जयभीम, भाऊ!"

मी त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

एवढेच दोन शब्द. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मालकीणबाईंकडं पाहिलं. त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, "चुकलो साहेब, दुसऱ्याची खोली पाहून रायलो होतो." आणि गेला. बरणी त्याच्या हातातच होती.

म्हणजे मी त्याला नाकारलं, आणि तो माझ्यासाठी खोटं बोलला. सोमवारी कामावर तो माझ्याशी काही बोलला नाही. महिन्याभरात हिशोब घेऊन इकडं निघून आला. मी फोन केले, त्यानं उचलले नाहीत. मी त्या खोलीत आणखी सात महिने राहिलो. हेपण सांगितलं पाहिजे. ताबडतोब पश्चात्ताप झाला आणि मी सामान उचललं, असं काही घडलं नाही.

बागुलांचं पुस्तक मला त्यानंतर फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या ढिगात मिळालं. एका रात्रीत वाचलं. मार खाणाऱ्या माणसात स्वतःला शोधायला गेलो होतो. पण मी तसाही नव्हतो आणि काशीनाथही नव्हतो. काशीनाथ माझ्या दारात आला होता, आणि मी त्याला कोण पाहिजे म्हणून विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मालकाला खरं आडनाव सांगितलं. आठ दिवसांत खोली सोडावी लागली. मारामारी झाली नाही, आरडाओरडा झाला नाही. नुसतं ताट यायचं बंद झालं आणि मग मालकाला भाच्यासाठी खोली लागायला लागली.

पुस्तक वाचून माणूस चांगला होतो असं मी म्हणत नाही. पण जे मी स्वतःशी बोलू शकत नव्हतो, ते बागुलांनी माझ्याआधी बोलून ठेवलं होतं. छापलेलं पाहिलं आणि बोलायची हिंमत आली. पुस्तकाकडून याहून जास्त काय मागायचं?

बागुलांचा दुसरा संग्रह 'मरण स्वस्त होत आहे', १९६९ चा. त्यातली 'आई' ही गोष्ट वाचा. वर्गात आईवरची कविता शिकवली जाते आणि सगळी पोरं आपापल्या आईच्या आठवणीत विरघळतात. एका पोराला, पांडूला, बाकीचे त्याच्या आईवरून टोचतात, मुकादमाशी नाव जोडून. आई बांधकामावर राबणारी विधवा. पोराच्या मनात विष उतरतं. तो तिच्याकडं आता जगाच्या नजरेनं पाहायला लागतो. जगानं आपल्या आईबद्दल आपल्याच मनात घाण कालवावी, यापरता काळोख कोणता?

पण त्याच्यासोबत ऊर्मिला पवारांची 'कवच' वाचा. तिथंही आईची लाज वाटणारा पोरगा आहे. आई बाजारात आंबे विकते, आणि गिऱ्हाइकं आंब्यांवरून दुहेरी अर्थाचं घाणेरडं बोलतात. पोराला वाटतं तिनं बाजारात जाऊच नये. आणि मग तो पाहतो, आई त्यांना कशी जबाब देते. एक गोष्ट पुरुषाची, एक बाईची. एकीत आई पोराच्या डोळ्यांतून दिसते, दुसरीत पोराचे डोळे उघडतात. इथं बसलेल्या पोरांनी दोन्ही एका बैठकीत वाचाव्यात. पोरींना मी सांगायची गरज नाही, त्यांना ते रोज स्टेशनच्या पुलावर ऐकू येतं.

इथं एक इशारा देतो. पुस्तक काळं आहे म्हणजे ते खरं आहे असं नाही. भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' १९६५ साली आला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्यावर हल्ला चढवला, अश्लील म्हणून बोंब झाली. मी ते पुस्तक वाचा असंच म्हणेन. चाळीतली बेकार पोरं नाक्यावर बसून पोरींच्या वाटेत काय करतात, कशी बोलतात, ते त्यात जसंच्या तसं आहे, वरून उपदेश नाही. पण वाचताना स्वतःला एक प्रश्न विचारा. मला हसू येतंय ते कुणाच्या बाजूनं येतंय? त्या पोरीच्या बाजूनं पान पुन्हा वाचा. हसू थांबलं, तर पुस्तक कामी आलं. नाही थांबलं, तर आपल्यातच नाका आहे.

आता दोन पुस्तकं बाहेरच्या जगातली. माझं इंग्रजी अडखळत चालतं. युनियनच्या ऑफिसात एक निवृत्त कारकून येतात, त्यांनी मला ती समजावून सांगितली. तुम्हीपण असा एखादा माणूस धरा. इंग्रजीला घाबरून पुस्तक सोडू नका.

पहिलं फ्रान्झ फॅननचं. हा मार्टिनिक बेटावरचा काळा माणूस, शिकून मनाचा डॉक्टर झाला. १९५२ साली त्यानं 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' लिहिलं. गोऱ्यांच्या जगात काळा माणूस स्वतःच्या कातडीला कसा परका होतो, त्याचं ते पुस्तक. मग अल्जीरियात इस्पितळात काम करताना तिथलं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. १९६१ साली, मरायच्या थोडं आधी, त्याचं 'द रेचेड ऑफ द अर्थ' आलं. चळवळीतली माणसं त्यातलं हिंसेवरचं पहिलं प्रकरण वाचून आरोळ्या देतात आणि मनोरुग्णांवरचं प्रकरण गाळतात. मी म्हणतो तेच आधी वाचा. त्यात फॅननकडं आलेले पेशंट आहेत. छळलेले अल्जीरियन आहेत आणि छळणारे फ्रेंच पोलिसपण आहेत. एक पोलिस अधिकारी दिवसभर कैद्यांना छळतो आणि घरी येऊन बायकोपोरांना मारतो. त्याला नोकरी सोडायची नाही. डॉक्टरकडून त्याला एवढंच हवं, की मनाला काही न लागता छळाचं काम करता यावं.

आम्ही पोलिस नाही, आम्ही तर मार खाणारे. पण दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाऊन घरी येणारा हात शेवटी कुणावर उठतो? गावच्या पाटलावर? नाही. ज्या मायबहिणी इथं बसल्यात त्यांना उत्तर ठाऊक आहे. व्यवस्था आपल्याला मारते, असं आपण म्हणतो आणि ते खरं आहे. पण तिनं आपल्या हातात दिलेली काठी आपण घरात वापरतो, हे चळवळीच्या स्टेजवरून कोणी बोलत नाही. आज मी बोललो.

दुसरं पुस्तक इराणचं. पण ते आपल्या मुंबईत जन्माला आलं. सादेक हिदायत नावाचा तरुण लेखक १९३६ साली मुंबईत आला. इराणात त्याला मोकळेपणानं छापता येत नव्हतं. मुंबईत तो पारशी पंडिताकडं जुनी पहलवी भाषा शिकला, आणि इथंच त्यानं 'बूफ-ए-कूर' म्हणजे 'आंधळं घुबड' या कादंबरीच्या पन्नासेक प्रती हातानं लिहून सायक्लोस्टाइलसारख्या यंत्रावर काढल्या. वर टीप टाकली, इराणात विक्रीसाठी नाही. ऐकलं का? मोठमोठ्या कारखान्यांतून निघालेली पुस्तकं लोक विसरले, आणि पन्नास प्रतींचं हे पुस्तक पुढं जगभर गेलं. आपल्यापैकी जे चार पानं झेरॉक्स करून वाटतात, त्यांनी मान खाली घालायचं कारण नाही.

पुस्तक भयंकर आहे. एकटा, अफूच्या धुंदीतला माणूस भिंतीवरच्या स्वतःच्या सावलीला आपली गोष्ट सांगतो. बाई, खून, म्हातारा, पुन्हा तीच बाई. स्वप्न कुठं संपतं ते कळत नाही. त्यातल्या बाईला एक तर देवी व्हावं लागतं नाही तर वेश्या, हा त्या माणसाचा आंधळेपणा आहे, तो उघड्या डोळ्यांनी वाचा. हिदायतनं १९५१ साली पॅरिसमध्ये स्वतःचा जीव दिला. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मरणात कसलाच मोठेपणा नसतो, हे वऱ्हाडातल्या माणसाला शिकवायला नको. आपल्या कितीतरी घरांच्या आढ्यांनी ते पाहिलंय. मी एवढंच म्हणतो की त्या पुस्तकातला माणूस फक्त सावलीशी बोलतो, आणि बुडतो. आपण सावलीशी बोलायचं नाही. शेजारच्या माणसाशी बोलायचं. असली पुस्तकं एकट्यानं रात्री मोबाइलच्या उजेडात वाचू नका. दोघांतिघांत वाचा, वाचून बोला. आणि कुणाच्या मनात काळोख फारच दाटला असेल तर त्याला एकटं सोडू नका, सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडं सोबत घेऊन जा. फॅनन तसलाच डॉक्टर होता. त्याला वेड्यांचा डॉक्टर म्हणून हिणवू नका.

शेवटचं पुस्तक सगळ्यात लहान, विसेक पानांचं. आणि तुम्ही म्हणाल, हे कसलं मागं राहिलेलं, हे तर बाबासाहेबांचं! हो, बाबासाहेबांचंच. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. ते गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९९० साली ते छापून आलं, मग १९९३ साली सरकारी ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात ते पोरांना वाचायला देतात. आपण जाड खंड काचेच्या कपाटात ठेवतो आणि ही वीस पानं काढून वाचत नाही.

त्यात एक रेल्वे स्टेशन आहे, मसूर नावाचं. १९०१ साल. लहान भीमा भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघालाय. चांगले कपडे आहेत. स्टेशनमास्तर प्रेमानं विचारपूस करतो. पोरं म्हणतात, आम्ही महार. मास्तरचा चेहरा बदलतो, तो मागं सरतो. गाडीवाले दुप्पट भाड्याशिवाय येत नाहीत, तेही बैल पोरांनीच हाकायचे आणि गाडीवान बाजूनं चालणार. जेवण सोबत आहे, पाणी कुठंच मिळत नाही. रात्री जकात नाक्यावर, पाणी मिळावं म्हणून, तो लहान पोरगा नाकेवाल्याला उर्दूत सांगतो की आम्ही मुसलमान आहोत.

मी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटलं. बाबासाहेबांनीपण? हो. आणि पाणी तरीही मिळालं नाही.

पुढं १९१७ साली एवढा शिकून आलेला माणूस बडोद्याला नोकरीला जातो आणि राहायला जागा मिळत नाही. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहतो. वर अंधारा, रिकामा हॉल, वटवाघळं फिरताहेत. तिथं एकटा पुस्तक वाचत बसतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं येतात.

बागुलांच्या गोष्टीतला तरुण, माझी ती खोली, आणि बडोद्याची धर्मशाळा. तिन्हीकडं खोटं नाव. फरक एवढाच की बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवलं. मी खोटं नाव सांगितलं, मला पाणी द्या म्हणून मी अमुक बोललो, हे लिहायला त्यांना लाज वाटली नाही, कारण लाज कुणाची ते त्यांनी ओळखलं होतं. मी म्हणालो ना, माल कोणी भरला ते पाहायचं. ते पाहिलं की मग माणूस स्वतःला कोसायचं सोडतो आणि उभा राहतो. पण मी माझ्या भावाला दारातून परत पाठवलं, ती लाज माझी. तिचं बिल मी व्यवस्थेच्या नावावर फाडणार नाही. कुठली लाज भरलेली आणि कुठली आपण स्वतः कमावलेली, हा निवाडा ही पुस्तकं वाचत वाचत मला थोडाफार करता यायला लागला.

आता काम सांगतो. विहारात एक लोखंडी पेटी ठेवा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाता तेव्हा एकेक पुस्तक घेऊन या, किंमत पडते एका रिचार्जइतकी. दर रविवारी एक गोष्ट मोठ्यानं वाचा. सुरुवात 'स्मशानातील सोनं'नं करा. म्हाताऱ्यांना बोलवा, पोरींना पुढं बसवा, आणि वाचून झाल्यावर लगेच भाषण ठोकू नका. थोडं गप्प बसा. कुणीतरी बोलेल.

ज्या पोराबद्दल मी बोललो त्याचं नाव मी घेतलं नाही. एकदा मी त्याची ओळख नाकारली आहे, आता त्याला न विचारता त्याचं नाव वापरायचा हक्क मला नाही. तो इथं बसला असेल तर सभा संपल्यावर त्यानं मला भेटलंच पाहिजे असं काही नाही. नसेल, तर कोणीतरी त्याला सांगा.

फुटपाथवर मिळालेली माझी बागुलांची प्रत मी या पेटीसाठी ठेवून जातोय. पाठीचा पुठ्ठा निघालाय, तो चिकटवून घ्या. पहिल्या पानावर मी माझं नाव लिहिलंय, आडनावासकट.

जयभीम.